किंगसाहेबांना मी मंत्री केलं

चूक माझी आहे, हे पहिल्यांदाच सांगून टाकते.

जूनचा पहिला पंधरवडा म्हंजे आमच्या धंद्यात जीव जायची वेळ. एकीकडं ॲडमिशनची फ्लेक्स, दुसरीकडं वाढदिवस (कोल्हापुरात वाढदिवसाला सीझन नसतो, कुठल्या ना कुठल्या भाऊंचा रोज असतोयच), वरनं २६ जूनच्या शाहू जयंतीच्या ऑर्डरी. अशात एका शाळेचे सर आले, म्हणाले कंपाउंडच्या भिंतीवर थोरामोठ्यांचे सुविचार लावायचेत, बारा जण, प्रत्येकाचं सहा बाय चारचं वेगळं फ्लेक्स, वर फोटो, खाली नाव, नावाखाली कोण होते ते एका ओळीत आणि मग सुविचार. मजकूर व्हॉट्सॲपवर टाकतो, तुम्ही फक्त लावा. मी लावला. कॉपी, पेस्ट, फॉन्ट बदल, जोडाक्षरं फुटली ती जोड, प्रूफ पाठव, तिकडनं अंगठा आला की प्रिंटला सोड. आयलेट मारून दिली, टांगली पण.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन. आठवीतल्या एका पोरीनं विचारलं होतं, "सर, हे मंत्री होते तर ह्यांना जेलमध्ये का टाकलं?"

फोटो डॉ. मार्टिन ल्युथर किंग यांचा. खाली मी छापलं होतं, 'नागरी हक्क मंत्री, अमेरिका'.

झालं असं की सरांनी इंग्लिश मजकूर मोबाईलवर मराठी करून घेतला होता, आणि इंग्लिशमध्ये 'मिनिस्टर' म्हंजे मंत्री पण आणि चर्चमधला पाद्री पण. मोबाईलला काय कळतंय कोण मंत्री नि कोण पाद्री. पण प्रूफ तर माझ्या डोळ्यांखालनं गेलं होतं की, आणि मला काहीसुद्धा खटकलं नाही, कारण मला पण तेवढंच माहीत होतं, सूट घातलेला काळा माणूस, 'माझं एक स्वप्न आहे', संपलं. सर बिचारे त्या पोरीला म्हणाले, अगं मंत्र्यांना पण टाकतात की जेलमध्ये. ते पण खोटं नाही म्हणा.

फ्लेक्स मी माझ्या खर्चानं परत काढून द्यायचं कबूल केलं, आणि म्हटलं ह्या वेळी नीट बघून लावूया. म्हणून रात्री दुकान बंद करून वाचायला बसले ती बसलेच, तीन आठवडे झाले. आमचे हे म्हणाले, चोवीस स्क्वेअर फुटासाठी एवढं? काय बोलणार.

तर पहिली गोष्ट, मार्टिन हे त्यांचं जन्माचं नावच नव्हे. १५ जानेवारी १९२९ ला अटलांटा शहरात जन्मले तेव्हा मायकल, वडील पण मायकल. वडील एबनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, त्यांच्या आधी आईचे वडील त्याच चर्चचे पाद्री, म्हंजे घराणंच ते. १९३४ ला वडील जर्मनीला जाऊन आले, तिथं चारशे वर्षांपूर्वी चर्चशी भांडलेल्या मार्टिन ल्युथरचा देश बघितला आणि आल्यावर स्वतःचं आणि पोराचं, दोघांचं नाव बदलून टाकलं. पाच वर्षांच्या पोराला काय वाटलं असंल देव जाणे.

पोरगं हुशार, पंधराव्या वर्षी कॉलेजात. त्याच वर्षी, १९४४ ला, जॉर्जिया राज्यातल्याच (अटलांटा त्यातच) दुसऱ्या गावात वक्तृत्व स्पर्धेला गेला होता, विषय निग्रो आणि राज्यघटना. राज्यघटनेवर भाषण करून आपल्या बाईंबरोबर बसनं परत येताना गोरी माणसं चढली, ड्रायव्हरनं उठायला लावलं, आणि अटलांटापर्यंत ९० मैल दोघं उभ्यानं आले. ९० मैल म्हंजे इथनं निघालात तर साताऱ्याच्या पण पुढं. आयुष्यात एवढा राग मला परत कधी आला नाही, असं ते नंतर सांगायचे. आणि पुढं पेनसिल्व्हेनियात पाद्री व्हायचं शिक्षण घेताना ह्याच माणसाला भाषणकलेच्या विषयात सी ग्रेड पडली! ज्या पोरांना शाळेत उत्तेजनार्थ पण मिळत नाही त्यांच्या आयांनी हे फ्रिजवर चिकटवावं, मी चिकटवलंय.

बोस्टनला पीएच.डी. केली ती १९५५ ला. त्या प्रबंधात दुसऱ्याचा मजकूर नाव न सांगता उचललाय असं १९९१ ला त्यांच्याच विद्यापीठाच्या समितीनं सांगितलं, डिग्री मात्र काढून घेतली नाही. आमच्याकडं प्रबंधांचं टायपिंग आणि बाईंडिंग होतं त्यामुळं ह्या विषयातलं मला बरंच माहीत आहे, जाऊ दे.

पण मी खरी अडकले ती १ डिसेंबर १९५५ च्या रात्रीत. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी गाव, संध्याकाळी रोझा पार्क्स ह्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीट सोडली नाही, अटक झाली, इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. मला जे माहीत नव्हतं ते हे की त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या एक प्राध्यापिका, तिथल्या काळ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष, आपल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाईल मशीनवर (झेरॉक्सच्या आधीचं, स्टेन्सिल लावून प्रती काढायचं मशीन) बसल्या. स्टेन्सिल कापली, एका कागदावर तोच मजकूर तीनदा बसवला म्हंजे एका कागदाची तीन पत्रकं होतील, आणि पहाटेपर्यंत हजारो पत्रकं काढली. सोमवारी बसमध्ये बसू नका, असा मजकूर. सकाळी जाऊन वर्ग पण घेतला आणि मग वाटायला बाहेर पडल्या.

एका कागदावर तीन! ते वाचलं आणि मला ती बाई एकदम आमच्या लाईनीतली वाटली. माझ्या सासऱ्यांनी ह्याच जागेत सायक्लोस्टाईल चालवलंय, शाईनं हात कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि आठवडाभर जायचे नाहीत असं सांगायचे, हँडल फिरवून फिरवून खांदा धरायचा, स्टेन्सिल मध्येच फाटली की शिव्या. एका रात्रीत हजारो म्हंजे काय चीज आहे ते मशीनवर उभं राहिलेल्या माणसालाच कळतं. किंगसाहेब ह्या सगळ्यात नंतर आले. तेव्हा वय २६, गावातल्या चर्चला येऊन वर्षच झालेलं, लहान पोरगी कुशीत. गावात नवा माणूस, अजून कुणाशी भांडण नाही, म्हणून पण बसवरचा बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचं अध्यक्ष त्यांनाच केलं असं म्हणतात. आपल्याकडं मंडळाचा अध्यक्ष निवडताना पण हेच बघतात.

एका दिवसाचा बहिष्कार पुढं ३८१ दिवस चालला. माणसं चालत कामाला गेली, कुणाच्या गाडीतनं गेली, चर्चनी गाड्या फिरवल्या. एका म्हातारीला विचारलं आजी दमला असाल, बसनं जा आता, तर ती म्हणाली पाय दमलेत ओ, पण जीव निवांत आहे. हे वाक्य किंगसाहेब आयुष्यभर सांगत फिरले. त्यांचे सुविचार आपण गोळा करतोय आणि ते दुसऱ्यांचे गोळा करत होते.

आणि सगळं काय शूरपणानं चाललं नव्हतं. जानेवारी १९५६ मधली एक रात्र आहे, मध्यरात्री फोन वाजला, तिकडनं धमकी, गाव सोड नाहीतर घर उडवू. फोन ठेवला, झोप गेली, बायको-पोरगी आत झोपलेली, हा माणूस स्वयंपाकघरात येऊन कॉफी गरम करून टेबलाशी बसला आणि ह्यातनं आपली अब्रू राखून अंग कसं काढून घ्यावं ह्याचा विचार करत होता. मग तिथंच डोकं हातात धरून मोठ्यानं देवाशी बोलला, मी कमजोर पडतोय, माझा धीर सुटत चाललाय. पुढच्या तीनच दिवसांत, ३० जानेवारीला, खरोखर घरावर बॉम्ब पडला. आतली माणसं वाचली. बाहेर चिडलेली माणसं जमली, काहींच्या हातात हत्यारं, आणि हा त्या मोडक्या ओट्यावर उभा राहून सांगतोय की घरी जा, हत्यारं घेऊन काही करू नका.

अंधारानं अंधार जात नाही, उजेडानंच जातो, द्वेषानं द्वेष जात नाही, प्रेमानंच जातो. हे त्यांचं वाक्य मी किती वेळा छापलंय त्याला हिशोब नाही, दिवाळीच्या शुभेच्छांच्या बोर्डावर पण छापलंय (खाली चार इच्छुक नगरसेवकांचे फोटो). आता छापताना ते स्वयंपाकघरातलं टेबल दिसतं.

सरांच्या यादीत त्यांच्या नावावर पाच सुविचार होते, त्यातला एक निवडायचा होता. एक हे अंधाराचं. एक 'उडता येत नसेल तर पळा, पळता येत नसेल तर चाला, चालता येत नसेल तर रांगा, पण पुढं जात राहा', हे जिमवाल्यांचं लाडकं, खाली दंडाचा फोटो. एक त्या 'नैतिक जगाची कमान लांब आहे पण ती न्यायाकडं वळते' वालं, ते मुळात थिओडोर पार्कर नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्याचं. एक रस्ता झाडण्याचं, त्याच्याकडं नंतर येते. आणि एक 'शत्रू मेला म्हणून मी आनंद मानणार नाही' अशा अर्थाचं, ते तर त्यांचं नव्हेच. २०११ ला बिन लादेन मेला तेव्हा एका तरुण बाईनं फेसबुकवर स्वतःचं एक वाक्य लिहिलं आणि त्याला जोडून किंगसाहेबांचा उतारा अवतरणचिन्हात टाकला, पुढं फिरता फिरता चिन्हं गळली आणि तिचं वाक्य पण त्यांच्या नावावर चढलं. अवतरणचिन्हं गळणं म्हंजे काय हे मला कुणी शिकवू नये, फॉन्ट बदलताना पहिली तीच जातात.

पाचातनं एक निवडायचा तर मूळ भाषणं वाचूया म्हटलं आणि तिथं मला पहिल्यांदा राग आला, स्वतःवरच बहुतेक. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, अडीच लाख माणूस. स्वप्नाचं जे आपण ऐकतो ते भाषणाच्या शेवटाकडं आहे आणि लिहून आणलेल्या कागदात ते नव्हतंच, मागनं महालिया जॅक्सन ह्या गायिका ओरडल्या की मार्टिन, त्यांना स्वप्नाचं सांग, आणि त्यांनी कागद बाजूला सारला. (एवढ्या मोठ्या सभेत एकाही बाईला मुख्य भाषण दिलं नव्हतं, पण भाषण उचललं कुणी तर मागनं ओरडणाऱ्या बाईनं. असो.) पण कागदात जे होतं ते काय होतं? चेक. अमेरिकेनं आपल्या काळ्या नागरिकांना दिलेला चेक न वटता परत आलाय, वर शिक्का, खात्यावर पुरेशी रक्कम नाही, आणि आम्ही तो वटवायला इथं आलोय. न्यायाच्या बँकेचं दिवाळं निघालंय ह्यावर आमचा विश्वास नाही, असं पण पुढं आहे.

बाऊन्स झालेला चेक! अहो हे मला स्वप्नापेक्षा दहापट कळतंय. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता असे दोन आहेत. इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकानं येऊन म्हटलं नाही की ताई, ते किंगचं चेकवालं वाक्य लावा.

आणि मग ते जेलमधनं लिहिलेलं पत्र, एप्रिल १९६३, बर्मिंगहॅम. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पेपरात छापून आणलं होतं की आंदोलन करताय ते शहाणपणाचं नाही, वेळ बरोबर नाही, जरा थांबा. ह्यांनी त्याच पेपरच्या कडेच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहायला सुरुवात केली. 'कुठंही झालेला अन्याय हा सगळीकडच्या न्यायाला धोका आहे' हे वाक्य त्यातलंच, ते आपण लावतो. पण त्याच पत्रात पुढं म्हणतात की मला खरी अडचण उघड उघड दुष्ट माणसांची वाटत नाही, त्या मवाळ भल्या माणसाची वाटते, ज्याला न्यायापेक्षा शांतता प्यारी, जो म्हणतो तुझं म्हणणं पटतंय पण पद्धत पटत नाही. आणि 'थांबा' ह्या शब्दाचा अर्थ जवळजवळ कायम 'कधीच नाही' असाच निघालाय. पुढं एक लांबच्या लांब वाक्य आहे, पानभर, श्वास न घेता, त्यात सहा वर्षांच्या पोरीला समजावून सांगायचंय की टीव्हीवर जाहिरात लागते त्या पाळण्यांच्या बागेत तुला का जाता येत नाही, त्यात रात्री कुठलंच हॉटेल घेत नाही म्हणून गाडीत आखडून झोपणं आहे, आणि त्यातच एवढंसं आहे की तुमच्या बायकोला, आईला कधीच कुणी मानानं 'मिसेस' म्हणून हाक मारत नाही.

इथं मी वाचायची थांबले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं तसंच राहिलं.

आम्ही लहानपणी मंगळवार पेठेत राहायचो. बोळातलं गटार काढायला एक बाई यायची, रोज नव्हे, दोन-तीन दिवसांनी. तिचं नाव मला आजपण माहीत नाही, आम्ही 'ए झाडूवाली' म्हणायचो, माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या बाईला. दाराबाहेर जिन्याखालच्या कोनाड्यात तिचा कप असायचा, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. आईनं चहा केला की मला पाठवायची, वरनं ओत, लागू देऊ नकोस. मी ओतायचे. ती प्यायची, बोळातल्या नळावर कप स्वतः धुवायची आणि कोनाड्यात उपडा ठेवायची, म्हंजे कचरा पडू नये. आमच्या आईला कुणी वाईट म्हणणार नाही, सणाला पुरणपोळी द्यायची तिला, साडी द्यायची. पण कप कोनाड्यातच.

आणि त्याच घरात शाहू जयंतीला वडील मला दसरा चौकात पुतळ्याला घेऊन जायचे आणि वाटेत गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगायचे. कोल्हापूरच्या पोराला ही गोष्ट पाठच असते, तरी सांगते. गंगाराम हा शाहू महाराजांच्या पागेत कामाला, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारलं. महाराज परत आल्यावर त्यानं पाठ दाखवली. मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा तर केलीच, वर त्याला म्हणाले तुला नोकरीतनं मोकळं केलं, स्वतःचा धंदा काढ. त्यानं चहाचं हॉटेल काढलं, भाऊसिंगजी रोडला, नाव सत्यसुधारक. कोण येणार प्यायला? मग महाराज स्वतः गाडी हॉटेलासमोर उभी करायचे आणि गाडीतनंच चहा मागवायचे, आपण प्यायचे आणि बरोबरच्या भल्याभल्यांना पण द्यायचे. राजानं घेतल्यावर हे नको कसं म्हणणार? हे सगळं सांगून वडिलांचा गळा भरून यायचा, मग आम्ही घरी यायचो, कोनाड्यापुढनं जिना चढून वर.

वडिलांना कधी विचारलं नाही. मला पण तेव्हा काही वाटायचं नाही. आता कागदी कप आलेत म्हंजे कुणाचा कप वेगळा हा प्रश्नच मिटला, किंवा दिसायचा बंद झाला.

आमच्या गावाला हा विषय नवीन नाही हो. २६ जुलै १९०२ ला इथं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हा किंगसाहेबांच्या वडिलांच्या शाळेचा पण पत्ता नव्हता. १९२० ला माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण आंबेडकरांना पुढं करून सांगितलं की हा तुमचा पुढारी. बिंदू चौकात माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर बाबासाहेबांचा पुतळा आहे तो १९५० चा, ते हयात असताना बसवलेला, शेजारी जोतिबा. त्या जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. म्हंजे अटलांटा आणि कोल्हापूर आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही.

किंगसाहेब स्वतः भारतात आले ते १९५९ ला, फेब्रुवारी-मार्च, महिनाभर, बायको कोरेटा बरोबर. दुसऱ्या देशांत मी प्रवासी म्हणून जाईन, भारतात यात्रेकरू म्हणून आलोय, असं म्हणाले. आपण त्याला वारीला आलोय म्हणू. मुंबईत मणिभवनात, गांधीजी राहायचे त्या घरात, मुक्काम केला. पण मला आवडतो तो त्रिवेंद्रमचा किस्सा, त्यांनी स्वतः १९६५ ला आपल्या चर्चमध्ये सांगितलेला. दलित मुलांच्या शाळेत बोलवलं होतं, मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली की मुलांनो, अमेरिकेतनं आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य. साहेबांना झटका बसला, चक्क राग आला. पंतप्रधान नेहरूंबरोबर जेवून आलेला माणूस, पीएच.डी., मला अस्पृश्य म्हणतोय? आणि मग तिथंच बसल्या बसल्या गरीब वस्त्यांत कोंडलेले आपले दोन कोटी लोक डोळ्यांपुढं आले आणि मनात म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे, अमेरिकेतला प्रत्येक काळा माणूस अस्पृश्य आहे. हे मला शांततेच्या नोबेलपेक्षा मोठं वाटतं. (नोबेल १९६४ ला, वय ३५, बक्षिसाचे ५४ हजार डॉलर सगळेच्या सगळे चळवळीला.)

आता ते रस्ता झाडण्याचं. तीन आठवड्यांत दुसरी एक ऑर्डर आली, एका ठिकाणी सफाई कामगारांचा सत्कार होता, स्टेजच्या मागचा मोठा बोर्ड, त्यावर किंगसाहेबांचाच सुविचार. 'रस्ता झाडायचं काम वाट्याला आलं तर असा झाडा, जशी मायकेलअँजेलोनं चित्रं काढली, बेथोव्हननं संगीत रचलं, शेक्सपिअरनं कविता लिहिली'. हे त्यांनी खरंच म्हटलंय, पुष्कळदा, १९६७ ला फिलाडेल्फियात शाळेतल्या पोरांसमोर पण. पोरांना सांगायला चांगलंच आहे. पण झाडणाऱ्याच्या सत्कारात, साहेब लोक खुर्चीवर बसलेत, ह्याला शाल दिली आणि वर हे लावलं, म्हंजे काय झालं? बाबा रे, नीट झाड.

आणि ज्यांनी हे म्हटलं ते मेले कुठं? मेम्फिसला, कचरा उचलणाऱ्यांच्या संपात. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस होता म्हणून दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पिंपातच आडोशाला बसले, कचरा दाबायचं यंत्र अचानक चालू झालं आणि दोघं चिरडले. १२ तारखेपासनं १३०० कामगार कामावर आले नाहीत. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या, चार शब्द, 'आय ॲम अ मॅन', त्यात 'ॲम'खाली रेघ. मी माणूस आहे. आयुष्यभर बोर्ड केले, पण एका रेघेत एवढं सांगितलेलं बघितलं नाही. मी असते तर बॉर्डर टाकली असती, दोन फुलं टाकली असती आणि वाट लावली असती.

१८ मार्चला किंगसाहेब तिथं जाऊन काय बोलले? की जो तुमचा कचरा उचलतो तो शेवटी डॉक्टरएवढाच महत्त्वाचा आहे, कारण त्यानं काम केलं नाही तर रोगराई पसरंल. आणि एवढ्या श्रीमंत देशात राबणाऱ्या माणसाला पोट भरणार नाही एवढा पगार देणं हा गुन्हा आहे. नीट झाडा हे कामगाराला नव्हे, नीट पगार द्या हे शहराला. ३ एप्रिलला वादळी पावसात शेवटचं भाषण, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून एक मिनिटानं लॉरेन मोटेलच्या गॅलरीत गोळी. वय ३९. संप मिटला १६ एप्रिलला, शहरानं युनियन मान्य केली, पगार वाढवला.

मी ऑर्डरवाल्यांना म्हटलं, ह्यांचंच दुसरं एक वाक्य आहे, सफाई कामगारांबद्दलचंच, ते लावूया का, आणि १८ मार्चचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "छान आहे ओ ताई, पण कार्यक्रम सत्काराचा आहे. आणि मोठं आहे, बसायचं नाही." मी मायकेलअँजेलो छापून दिला. धंदा आहे.

बसत नाही म्हणून वाक्य कापणं फक्त आमच्या लक्ष्मीपुरीत चालतं असं समजू नका. वॉशिंग्टनला २०११ ला त्यांचं भलंमोठं स्मारक झालं, दगडात कोरलेलं, त्यावर एक ओळ, 'मी न्यायाचा, शांतीचा आणि सदाचाराचा ड्रम मेजर होतो' (ड्रम मेजर म्हंजे बँडच्या पुढं काठी घेऊन चालतो तो). मूळ वाक्य असं की, मी गेल्यावर मला ड्रम मेजर म्हणायचंच असेल तर न्यायासाठीचा म्हणा, शांतीसाठीचा म्हणा. 'म्हणायचंच असेल तर' हे जागेपायी कापलं आणि तो माणूस एकदम बढाईखोर झाला. कवयित्री माया अँजेलोबाईंनी जाहीर झापलं, आणि २०१३ ला ते कोरलेलं खरडून काढायला लागलं. ग्रॅनाईट! माझं निदान चोवीस फूट फ्लेक्स.

नवीन फ्लेक्सवर मी शेवटी 'धर्मोपदेशक आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते' असं टाकलं, सुविचार कुठला लावायचा ते सरांवर सोडलं, त्यांनी अंधार-उजेडच घेतलं. आठवीतल्या पोरीसाठी त्या पत्रातलं ते पानभराचं वाक्य मराठी करून दोन पानं प्रिंट काढून दिली, मराठी माझंच आहे, कच्चं आहे, तरी.

जुनं फ्लेक्स गुंडाळून दारामागं उभं होतं. परवा पाऊस नुसता ओतत होता, कचऱ्याच्या टिपरवरचा माणूस आत आला, म्हणाला, "ताई, जुनं फ्लेक्स हाय का एखादं? पत्रा गळाय लागलाय." दिलं काढून. त्यानं उलगडून बघितलं.

"ह्यो कुठला मंत्री म्हणायचा?"

"मंत्री न्हवं ओ. पाद्री होता, अमेरिकेतला. कचरा उचलणाऱ्यांच्या संपाला गेला आणि तिथंच गोळी घातली त्याला."

"मग मंत्री का लिवलंय?"

"माझी चूक."

"ऱ्हाऊ दे की," म्हणाला, "मंत्री घरावर बसला तर पत्रा तरी उडायचा न्हाई."

चहावाला पोरगा तेवढ्यात काचेचे दोन ग्लास ठेवून गेला होता, एक ह्यांचा होता पण हे बँकेत, म्हणून म्हटलं घ्या. उभ्यानंच घेतला त्यानं, फ्लेक्स काखेत. पिऊन झाल्यावर ग्लास हातात धरून इकडं तिकडं बघायला लागला.

"नळ कुठाय?"

"ठेवा ओ तिथंच, पोरगं येईल न्यायला."

ठेवला. पण उपडा ठेवला.